आधी ओल, मग रोप : प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे 2.59 हेक्टर ओली जमीन एका देवराईने राखली आहे. एकरांत सांगायचं तर साडेसहाच्याही आतच. तालुक्यातल्या कितीतरी काजूच्या बागा याहून मोठ्या आहेत. पण रानजायफळांचं पाणथळ जंगल, ज्याला अभ्यासक मायरिस्टिकाची दलदल म्हणतात, ते केरळपासून सह्याद्रीच्या कुशीतून तुटक तुटक वर येतं, आणि शास्त्रीय नोंद झाली तेव्हा त्याचं उत्तरेकडचं शेवटचं माहीत असलेलं ठाणं हे होतं. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. 2021 मध्ये राज्य सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या 2.11 हेक्टर जागेलाही हा दर्जा मिळाला, तिथल्या कुंडात सापडलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या छोट्या माशासाठी. दोन्ही जागी झऱ्याचं पाणी आहे, दोन्ही जागी देवस्थान आहे. हा योगायोग नव्हे, आणि त्याकडे पुढे यायचंच आहे.

ही पुस्तिका मात्र त्या 2.59 हेक्टरांबद्दल नाही. ती जागा वाचली, हे फार मोठं काम झालं. आता प्रश्न आहे तो तिच्या वरच्या आणि खालच्या जमिनीचा. तिथल्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना कधीकाळी अशीच ओल होती. तिथे पुढे मळे झाले, सुपारी आली, मग माणसं मुंबईला गेली आणि पुष्कळशी जमीन पड राहिली. ही पड जमीन पुन्हा रानजायफळाला राहता येईल अशी करायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय. वाचायला सोपा, करायला फार अवघड. कारण आपल्याकडे जंगल परत आणायचं म्हटलं की खड्डे खणायला सुरुवात होते, आणि या झाडाच्या बाबतीत खड्डा ही शेवटची पायरी आहे.

झाडाची ओळख आधी करून घेऊ. इथला नायक 'मायरिस्टिका मॅग्निफिका'. पानं हातभर लांब, खोड सरळ, आणि सालीला जरा जखम झाली की लाल चीक पाझरतो. जायफळाच्या सगळ्या कुळाचीच ही खूण. दक्षिणेकडच्या दलदलींत याच्या जोडीला 'जिम्नॅक्रँथेरा' हे त्याच कुळातलं झाड असतं. तिसरं भावंड आपल्या स्वयंपाकघरात आहे : 'मायरिस्टिका मलबारिका', म्हणजे रामपत्री. मसाल्यात पडते ती तिच्या बीवरची पत्री. जुन्या व्यापारात तिला 'बॉम्बे मेस' असं नाव होतं, कारण खऱ्या जायपत्रीच्या जागी किंवा तिच्यात मिसळून ती विकली जाई. रामपत्री थोड्या कोरड्या जागीही तग धरते. मॅग्निफिकाला ते जमत नाही. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत ते धोक्यातलं झाड म्हणून नोंदलेलं आहे.

त्याला एवढी ओल का लागते, हे मुळांपाशी बसल्याशिवाय कळत नाही. पाण्याने कायम भरलेल्या चिखलात हवा शिरत नाही, आणि जी थोडी असते ती सूक्ष्मजीव संपवून टाकतात. साधारण झाडाची मुळं अशा मातीत गुदमरून कुजतात. रानजायफळाने यावर दोन उपाय शोधले आहेत. मॅग्निफिकाच्या बुंध्यापासून तिरकी आधारमुळं निघून चिखलात उतरतात आणि पोकळ मातीत झाड उभं धरतात. शिवाय या दलदलीतल्या झाडांची आडवी धावणारी मुळं मधेच चिखलातून वर येतात, कमान करतात आणि परत आत जातात. या कमानींना गुडघेमुळं म्हणतात. त्यांच्या सालीवर बारीक खरबरीत ठिपके असतात, हाताला सहज लागतात. ते ठिपके म्हणजे हवा आत घ्यायची दारं. मे महिन्यात अशा जागी गेलं तर काळ्या चिखलावर या कमानी अगदी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, पाय ठेवायला मोकळी जागा शोधावी लागते. आणि पाय जपूनच ठेवायला हवा, कारण आपण ज्यावर उभे राहतो तो त्या झाडाचा श्वास आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. या झाडाला पाणी हवं, पण किती हवं याची मर्यादा ठरलेली आहे. जमीन कोरडी पडली तर ते जातं. कमानी महिनोन् महिने पाण्याखाली बुडाल्या तरीही ते जातं, म्हणून धरणाच्या फुगवट्यात सापडलेली दलदल टिकत नाही. आणि वरून वाहून आलेल्या गाळाखाली कमानी गाडल्या गेल्या तरी तेच. ओल राहावी, पाणी हलतं असावं, गाळ साचू नये : या तीन अटी एकाच वेळी जुळतात अशा जागा सह्याद्रीत फार नाहीत.

अशा जंगलाचं वर्णन कृष्णमूर्ती यांनी 1960 मध्ये त्रावणकोरच्या भागातून केलं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या 1968 च्या वनप्रकारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. केरळमध्ये कुळत्तुपुळा परिसरात, कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये सिद्दापूरजवळच्या कत्तलेकान इथे, गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या रायीत हे जंगल आहे. कत्तलेकानची ओळख करून द्यायची तर आपल्या बिब्ब्याच्या एका भावंडाचं उदाहरण पुरे. 'सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस' हे झाड 2000 साली, म्हणजे अगदी काल-परवा, विज्ञानाला माहीत झालं, तेही या दलदलीत. गाडीरस्त्यापासून फार लांब नसलेल्या जागी एवढं मोठं झाड इतकी वर्षं नाव नसलेलं राहू शकतं. दलदलीत कोणी शिरत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

आता उत्तरेकडच्या टोकाला हे जंगल इतकं नाजूक का, ते पाहू. केरळच्या दक्षिण टोकाकडे कोरडा काळ तीन-चार महिन्यांचा. वर येऊ तसा तो लांबत जातो. दोडामार्गात पाऊस कमी नाही, साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो आणि पुढचे सात-आठ महिने आभाळातून फारसं काही येत नाही. त्या काळात रानजायफळ जगतं ते पूर्णपणे झऱ्यावर. झरा जगतो तो वरच्या डोंगरावर आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. सड्याचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याशी महिन्यामहिन्याने सोडतो. म्हणजे व्हाळाकाठी खाली चिखलात उभं असलेलं झाड खरं तर वरच्या सड्याच्या भरवशावर आहे. सड्यावर चिरेखाण सुरू झाली, डोंगराची उतरण साफ झाली, तर खालच्या देवराईत एकाही झाडाला कुऱ्हाड न लागता दलदल सुकू शकते. वारसा स्थळाच्या हद्दीच्या खुणा रोवता येतात, पाण्याची हद्द अशी आखता येत नाही.

ओल्या जमिनी गेल्या कशा, हे सांगताना कोणाला गुन्हेगार ठरवण्यात मला रस नाही. व्हाळाकाठची सपाट, काळी, बारमाही ओलीची जमीन ही डोंगराळ गावातली सगळ्यात चांगली जमीन. पोट भरायचं तर माणूस आधी तिच्यावरच येणार. तिथे भाताचे मळे झाले. जिथे ओल जास्त टिकायची तिथे पावसाळी भातानंतर वायंगण निघालं. उताराकडे कुळागरं उभी राहिली : सुपारी, नारळ, केळी, मिरी, आणि पाटाने खेळवलेलं पाणी. कुळागर ही सुंदर गोष्ट आहे. तिच्यात सावली असते, पाणी हळू फिरतं, आणि जुन्या कुळागराच्या कडेला आजही रानातली झाडं उभी असतात. पुष्कळशी ओल त्या काळापर्यंत शाबूत राहिली.

मोठा फरक अलीकडच्या काही दशकांत पडला. व्हाळाच्या मुखालाच पाइप लावून पाणी खाली बागेत किंवा टाकीत न्यायची सोय झाली. पाटाचं पाणी झिरपत जायचं, वाटेतली जमीन भिजवायचं. पाइपातलं पाणी वाटेत कोणालाच काही देत नाही. दुसरीकडे डोंगरउतारावर रबर, काजू, अननस वाढले. बागेखालचं रान दरवर्षी बेणून स्वच्छ केलं की पहिल्या मोठ्या पावसात उघडी माती सुटते, आणि ती येऊन बसते ती नेमकी गुडघेमुळांवर. तिसरी गोष्ट जेसीबीची. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि नाला खोलीकरण-रुंदीकरण हे काम राज्यभर गेलं. दुष्काळी तालुक्यांतल्या फायद्या-तोट्याची चर्चा वेगळी. कोकणातल्या व्हाळाला मात्र हा उपाय लागू नाही, हे मी ठामपणे म्हणेन. व्हाळ खोल केला की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी त्या चरात उतरतं आणि वाहून जातं. ज्या कामाने पाणी साठायला हवं त्यानेच काठ निचरून निघतो. काठावरचा केवडा, करंज, जांभूळ, उंबर मशीनच्या दातांखाली जातात ते आणखी वेगळं.

हे सगळं होत असताना काही जागा उरल्या, त्या देवामुळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, 1976 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि गावाच्या श्रद्धेने किती जुनं जंगल राखलं आहे हे शहरी वाचकाला पहिल्यांदा नीट कळलं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवराई, राय नेहमी पाण्याजवळ का सापडते, याचं कारण साधं आहे : झरा राखायचा तर त्याच्यावरची झाडं राखायला हवीत, हे गावाला माहीत होतं. झाड तोडायचं तर देवाला कौल लावायचा, मानकऱ्यांनी एकत्र बसायचं, गाऱ्हाणं घालायचं. या व्यवस्थेत जातीच्या आणि मानपानाच्या गाठी होत्या, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी. एका माणसाच्या गरजेपुरता निर्णय तिथे एका माणसाला घेता येत नसे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणल्या, कलम 37 ने वारसा स्थळं आणली. कायदा चांगला आहे. पण जिथे कौलाची शिस्त अजून जिवंत आहे तिथे समितीने तिच्याशी जोडून घ्यावं, तिला बाजूला सारू नये.

आता मुख्य कामाकडे. महाराष्ट्राने 2019 मध्ये 33 कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशा मोहिमांत काम मोजायचं एकच माप असतं, रोपांची संख्या, आणि नंतर जगलेल्या रोपांची टक्केवारी. ओढ्याकाठच्या दुरुस्तीत हे माप उपयोगाचं नाही. पडीक मळ्यात आज हजार रोपं लावली आणि मळ्याच्या मधून खणलेला जुना चर तसाच राहिला, तर ती हजारही जातील. म्हणून या पुस्तिकेत पहिली दोन प्रकरणं फक्त पाण्यावर आहेत. जुने चर दगड, माती आणि काटक्यांनी ठिकठिकाणी अडवायचे. बांध फोडायचे नाहीत, पण त्यांच्या उंचीचा विचार करायचा, कारण पाणी पसरायला हवं, तुंबायला नको. वनराई बंधारा गावाला ठाऊक आहेच. दिवाळीच्या सुमारास श्रमदानाने घातला जातो, पावसाळ्यात वाहून जातो. तोच इथे वापरता येतो, फक्त उंची गुडघ्याखाली ठेवून आणि एका मोठ्या बंधाऱ्याऐवजी लहान लहान चार-पाच घालून. बी किंवा रोप कुठे येईल हे पाणी किती खोल उभं राहतं त्यावर ठरतं, आणि ते एक पावसाळा व एक उन्हाळा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरं काम सावलीचं. रानजायफळाचं पोर उघड्या उन्हात तग धरत नाही. पडीक मळ्यावर आज रानमोडी आणि घाणेरी माजलेली असते. ती एकदम उपटून जमीन उघडी करण्याचा मोह होतो आणि तो टाळायला हवा. आधी झटपट वाढणारी इथलीच झाडं वर येऊ द्यावीत. चांदाडा आपणहून येतो, त्याला येऊ द्यावं. काठावर केवडा आणि कळक लावावा, उंबराच्या फांद्या रोवाव्यात, जांभूळ-करंजाचं बी टाकावं. त्यांची सावली धरली की रानमोडी आपोआप मागे सरते. या टप्प्याला काही वर्षं लागतात. तीन वर्षांच्या प्रकल्पात पैसे देणाऱ्या संस्थेला इतक्या वर्षांत 'मुख्य झाड' एकही दिसणार नाही, आणि अहवाल लिहिणाऱ्याची पंचाईत होईल. ती होऊ द्यावी. घाई करून आणलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ काय करते हे कोकणाने आणि गोव्याने सामाजिक वनीकरणात पाहिलं आहे.

तिसरं काम बियांचं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक प्रयत्न इथे फसतात. धान्याचं बी वाळवून ठेवता येतं, तसं हे ठेवता येत नाही. सुकलं की मेलं. फळ उकललं, बी पडलं, की दिवस मोजायला लागायचे. ओल्या पोत्यात, ओल्या पालापाचोळ्यात गुंडाळून ते त्याच आठवड्यात रोपवाटिकेत गेलं पाहिजे. टपालाने बी मागवायचा विचार करूच नये. दूरच्या केरळातून रोपं आणण्याचाही नको : उत्तरेच्या टोकाची ही झाडं सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ पिढ्यान् पिढ्या सोसत आली आहेत, आणि ती सोशिकता त्यांच्याच बियांत आहे. बी गोळा करताना सगळं उचलायचं नाही. धनेश आणि इतर पक्षी पत्रीसाठी फळांवर येतात आणि बी लांब नेऊन टाकतात. रोपवाटिकेपेक्षा त्यांचं काम जुनं आहे आणि त्यांचा वाटा त्यांच्यासाठी सोडायला हवा. धनेशाला ढोली असलेली जुनी, मोठी झाडं लागतात, म्हणून व्हाळाकाठचं पोखरलेलं झाड 'वाळकं' म्हणून तोडू नये.

आणखी एक बाब लागवडीच्या नकाशातच धरावी लागते. या कुळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फूल येईपर्यंत कोणतं कोण हे ओळखू येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जायफळाच्या कलमांची बाग केलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, बागेत नर ठेवावेच लागतात हे त्याला माहीत असतं. रानात मात्र लोक व्हाळाच्या काठाने दर पन्नास पावलांवर एक रोप लावत जातात. दिसायला छान दिसतं. वीस वर्षांनी त्यात एकटी मादी उभी राहते आणि तिला फळ धरत नाही. म्हणून रोपं पुंजक्याने लावायची, एका पुंजक्यात आठ-दहा, आणि पुंजके जुन्या झाडांच्या टापूत.

शेतकऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्याविषयी नीटच बोलू. व्हाळाकाठची पड जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, बहुधा दहा-पंधरा जणांच्या, आणि त्यातले निम्मे मुंबईत. त्यांनी जमीन ओली राहू द्यावी, चर बुजवावेत, पाइप वर न लावता खाली लावावा, असं आपण मागतो आहोत. त्या बदल्यात काय देतो? मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. जंगल वाचायला त्याची गरज होती, पण ज्याच्या जमिनीवर झाडं आहेत त्याच्या हाती त्यातून काही आलं नाही. माझ्या मते ओढ्याकाठ राखणाऱ्या मालकाला त्या ओलीचा मोबदला मिळायलाच हवा, दरवर्षी, रोखीने. खालच्या गावांना उन्हाळ्यात मिळणारं पाणी तो राखतो. आज त्याला कोणी काही देत नाही. मदतीचे छोटे मार्ग मात्र आहेत. रामपत्री नीट काढली, फांद्या न तोडता, पडलेली फळं वेचून, तर तिला बाजार आहे. रानजायफळांच्या खुंटावर जायफळाचं कलम बांधण्याचे प्रयोग झाले आहेत, त्यामुळे खुंटाच्या रोपांनाही गिऱ्हाईक असू शकतं. गावातली रोपवाटिका दोन्हीवर चालू शकते. पण या छोट्या उत्पन्नाच्या आशेवर सगळं काम टाकून सरकारने हात झटकू नयेत.

पुस्तिका वाचणाऱ्यांत ग्रामपंचायतीच्या समितीचे सदस्य असतील, शिक्षक असतील, पुण्या-मुंबईहून गावी परतू पाहणारे वारस असतील. लागवडीची रेखाटनं शेवटच्या प्रकरणात आहेत, तिकडे उडी मारू नये. पहिल्या वर्षी खणायचं काहीच नाही. व्हाळाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत चार-पाच ठिकाणी बांबूच्या खुणा रोवाव्यात. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला तिथे जाऊन पाणी किती, चिखल किती खोल, नवा गाळ आला का, एवढंच वहीत लिहावं. शाळेतली मुलं हे काम उत्तम करतात. सड्यावर कोणती नवी खाण निघाली, कोणाचा पाइप कुठे लागला, तेही त्याच वहीत यावं. मे अखेर ज्या खुणेपाशी मूठभर माती पिळल्यावर पाणी सुटेल, ती पहिली जागा. मग तिथल्या सातबाऱ्यावरची सगळी नावं काढून त्या माणसांना पत्रं लिहावीत, गणपतीला किंवा शिमग्याला ती गावी येतील तेव्हा त्यांना व्हाळावर घेऊन जावं, आणि त्यांच्या होकारानंतर पहिला चर अडवावा.